थंडी, कातडी आणि घरचं मलम

दिवाळीचं उटणं संपतं न संपतं तोच देशावर अंग उलायला लागतं. आधी ओठ, मग नडग्या, मग बोटांची पेरं आणि डिसेंबर सरता सरता टाचा. कोकणात हा त्रास पुष्कळ कमी. तिकडे थंडीच नसते असं लोक म्हणतात, पण खरा फरक हवेतल्या पाण्याचा आहे. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत घनमीटरमागे फार तर ९.४ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅमहून थोडं जास्त. निफाडला किंवा नागपूरला पहाटे १० अंश असताना हवा दवाने अगदी भरलेली असली, तरी तीच हवा दुपारी ३० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. बाष्प तेवढंच राहतं, मावण्याची जागा तिप्पट होते. मग ही हवा मिळेल तिथून पाणी ओढते: वाळत घातलेल्या कपड्यांतून, शेतातल्या ओलीतून आणि आपल्या कातडीतून. समुद्राकाठी दिवस-रात्रीच्या तापमानात एवढी तफावत पडत नाही आणि समुद्र बाष्प पुरवत राहतो.

म्हणजे हिवाळ्यातल्या कोरड्या कातडीचा प्रश्न आधी पाण्याचा आहे, तेलाचा नंतर. बोस्टनमध्ये काम करणाऱ्या आयर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ साली हे फार सोप्या रीतीने दाखवलं. वाळून कडक झालेल्या घट्ट्याचा तुकडा तेलात ठेवला तर तो कडकच राहिला, पाण्यात ठेवला तेव्हा मऊ पडला. त्वचेचा अगदी वरचा थर लवचीक राहतो तो त्यातल्या पाण्यामुळे. हे पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की थर ताठरतो आणि हालचालीबरोबर चिरतो. तेल त्याला पाणी देत नाही. असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही, एवढंच करतं. घरच्या तेला-मलमांविषयी मला जे म्हणायचं आहे ते सगळं इथून निघतं. कोणतं तेल लावायचं यावर घराघरांत मतभेद असतात, पण ते कधी लावलं आणि कशावर लावलं याची चौकशी फार कमी होते. गुण येण्या-न येण्याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा तिथेच असतं.

वरचा थर शरीराच्या बहुतेक भागांवर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध चुना, अशी त्याची बांधणी शास्त्रज्ञ सांगतात. सेरामाइडं, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं मिळून हा चुना होतो. बंबातलं कढत पाणी आणि क्षारयुक्त साबण आधी हाच धुऊन काढतात. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ५ सामूच्या आसपास. वडीचा साबण ९ ते १०. थंडीत आपण पाणी जास्त गरम घेतो, जास्त वेळ घेतो आणि मग साबण बदलून पाहतो. नडग्या आधी पांढऱ्या फटक पडतात कारण तिथे तैलग्रंथी विरळ आहेत. तळहात-तळपायांना त्या मुळीच नाहीत आणि ओठांवर जवळजवळ नाहीतच. भेगा आणि चिरा नेमक्या याच जागा का धरतात हे त्यावरून कळतं.

आपल्याकडची रीत आंघोळीआधी तेल लावण्याची. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येत रोजचा अभ्यंग सांगितला आहे आणि डोकं, कान, पाय यांना तेल विशेष करून लावावं असं म्हटलं आहे. पायांचा उल्लेख मला फार नेमका वाटतो, कारण स्वतःचं तेल नसलेली ती जागा. आंघोळीआधीच्या तेलाला अर्थ आहे: साबणाचा मारा आधी त्या तेलावर होतो, कातडीच्या स्निग्ध अंशावर कमी. पण उटणं किंवा साबण लावून ते तेल आपण काढून टाकतो आणि त्यानंतर अंग कोरड्या हवेत तसंच सोडतो, तिथे ही रीत अपुरी पडते. आंघोळ झाल्यावर अंग टिपून घ्यावं, खसाखसा पुसू नये, आणि ओल आहे तोवर, दोन-चार मिनिटांतच, तेलाचा पातळ हात फिरवावा. दुपारी कोरड्या ठणठणीत नडगीवर चोळलेलं तेल चकाकी देतं, पण तिथे अडवून ठेवायला पाणीच उरलेलं नसतं. बादलीत तेलाचे थेंब टाकून आंघोळ करण्याची पद्धतही अधूनमधून कानावर येते. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४८२ इसबग्रस्त मुलांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आंघोळीच्या पाण्यात स्निग्ध द्रव्यं मिसळून जादा फायदा आढळला नाही. तेल अंगावर हवं, पाण्याबरोबर मोरीत जाऊन काय उपयोग?

आता तेलांकडे वळू. इथे परंपरा आणि प्रयोग काही ठिकाणी हातात हात घालून चालतात आणि काही ठिकाणी त्यांची चांगलीच फारकत होते.

खोबरेल तेलाची बाजू भक्कम आहे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, ते लवकर खवट होत नाही, आणि फिलिपीन्समध्ये २००४ साली कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ते खनिज तेलाच्या तोडीस तोड उतरलं. पुढे तिथेच इसबाच्या लहान मुलांमध्ये ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. २४-२५ अंशांखाली ते गोठतं, म्हणून पुण्यात डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते; गोठणं हा भेसळीचा किंवा बिघडल्याचा पुरावा नाही.

तिळाचं तेल हे हिवाळ्यातलं आपलं जुनं, मानाचं तेल. ओलेइक आणि लिनोलेइक ही दोन्ही मेदाम्लं त्यात जवळपास सारख्या प्रमाणात असतात, आणि त्याच्या अंगच्या घटकांमुळे ते टिकतंही चांगलं. या दोन मेदाम्लांचा फरक थोडा समजून घ्यायला हवा. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून मेद पूर्ण काढून टाकला, तेव्हा त्यांची कातडी खवल्याखवल्यांची झाली. त्या कामातून लिनोलेइक आम्लाचं महत्त्व पुढे आलं. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही आणि वरच्या थरातली काही महत्त्वाची सेरामाइडं त्याच्यावाचून तयार होत नाहीत. १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका नोंदीत तर या आम्लाची कमतरता झालेल्या रुग्णांना सूर्यफुलाचं तेल नुसतं कातडीवर लावून ती भरून निघाल्याचं दाखवलं होतं. उलट ओलेइक आम्ल जास्त असलेली तेलं त्या स्निग्ध थराची घडी विस्कटू शकतात. शेफील्ड विद्यापीठातल्या २०१३ सालच्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे रोज दोन वेळा ऑलिव्ह तेल लावलं, तर त्वचेचा पडदा कमकुवत झाला आणि किंचित लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने पडदा शाबूत ठेवला. महागडी ऑलिव्ह तेलाची बाटली आणून तान्ह्या बाळाला चोळणाऱ्या आजच्या शहरी घरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

याच ठिकाणी मला करडईची आठवण होते. सोलापूर, मराठवाडा या कोरडवाहू पट्ट्यातलं हे पीक, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ज्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पारंपरिक करडईच्या तेलात ७० टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असतं. रासायनिक बांधणीकडे पाहिलं तर कोरड्या त्वचेसाठी ते सूर्यफुलाच्या रांगेत बसतं, आणि तरी आपण ते फोडणीपलीकडे वापरत नाही. दोन पथ्यं पाळायची. एक म्हणजे ओलेइक आम्ल वाढवलेल्या नव्या जातींचं तेल निघतं, तेव्हा बाटलीवरची माहिती वाचून घ्यावी. दुसरं, हे तेल लवकर खवट होतं. घाण्यावरून थोडंच आणावं, गडद बाटलीत, चुलीपासून लांब ठेवावं आणि वास बदलला की सरळ टाकून द्यावं. खवट तेल कातडीला झोंबतं.

सरसूचं तेल उत्तरेतून आलेल्या शेजाऱ्यांमुळे आता आपल्याकडेही मालिशीला वापरतात. त्याचा उग्रपणा ज्या द्रव्यातून येतो ते त्वचेला चुरचुरतं. ढाक्यात अकाली जन्मलेल्या बाळांवर डार्मस्टॅट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, त्याच गटाच्या उंदरांवरच्या प्रयोगांत सरसूच्या तेलाने त्वचेचा पडदा सावरायला उशीर लावला, सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर सावरला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ढाक्याच्या चाचणीत सूर्यफुलाच्या तेलाची मालिश झालेल्या बाळांना रुग्णालयातले जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. कोरड्या हातापायांसाठी सुरू झालेली चर्चा इथे थेट जीव वाचवण्यापर्यंत जाते.

तेल कातडीत मुरतं आणि पुसलंही जातं. उललेल्या ओठांना, टाचांना काहीतरी घट्ट, चिकटून राहणारं लागतं, आणि तिथे मेण येतं. आयुर्वेदात सिक्थ तैल म्हणून अगदी साधं मलम आहे: एक भाग मधमाश्यांचं मेण, सहा भाग तिळाचं तेल, मंद आचेवर विरघळवून ढवळत गार केलेलं. ग्रीक वैद्य गॅलेनच्या नावावर सांगितलं जाणारं दुसऱ्या शतकातलं थंड मलम मेण, तेल आणि गुलाबपाण्याचं. मेण-तेलाची जोडी इतकी टिकली याचं कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवलं तरी काम होतं. महाबळेश्वरला खादी-ग्रामोद्योगाचं मध संचालनालय आहे आणि जवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. अशा ओळखीच्या ठिकाणाहून मेण घ्यावं. बाजारातल्या पिवळ्या वड्यांमध्ये पॅराफिन मिसळलेलं असू शकतं.

आणि कोकम तेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत मुठेल, गोव्याकडे भिरंडेल. आगळ-आमसुलं करून उरलेल्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला मेद काढायचा आणि थिजत आला की मुठीत दाबून गोळे करायचे. निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असल्याने तो घट्ट राहतो आणि ३८-४० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे बोटाने चोळत राहिलं तर हळूहळू पाघळतो आणि भेगेत बसून पुन्हा थिजतो. गोळा विस्तवाजवळ धरून, पाघळलेली बाजू भेगेवर घासण्याची जुनी पद्धत अगदी योग्य आहे, चटका बसणार नाही एवढं जपावं. प्रयोगशाळेतल्या चाचण्या खोबरेलाच्या वाट्याला जितक्या आल्या तितक्या कोकमाच्या आलेल्या नाहीत. तरीही टाचांसाठी मी दुसऱ्या कुठल्याही घरगुती वस्तूपेक्षा त्यालाच पसंती देईन. सुपरबाजारात परदेशी शिआ आणि कोको बटरच्या डब्या रांगेने मांडलेल्या असतात आणि आपलं मुठेल कुडाळच्या आठवडी बाजारातून हळूहळू दिसेनासं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरी करायचं तर वजनकाटा घ्यावा, चमच्यांच्या मापात फसगत होते. अंगासाठी १०० ग्रॅम मलमाला १० ग्रॅम मेण, २० ग्रॅम कोकम तेल आणि ७० ग्रॅम तिळाचं तेल. टाचांसाठी मेण २० आणि कोकम ३० पर्यंत वाढवून तिळाचं तेल ५० वर आणावं. मेण आधी विरघळवावं, मग कोकम, शेवटी तेल. थेंबभर मिश्रण गार चमच्यावर टाकून पाहावं: फार घट्ट वाटलं तर तेल, पातळ वाटलं तर मेण. भरलेल्या डब्या लवकर गार कराव्यात. रेंगाळत गार झालं तर कोकमाचे रवे धरतात, ते अपायकारक नसतात, पण ओठांना खरखरीत लागतात. डब्या आणि ढवळणी अगदी कोरड्या हव्यात. एक थेंब पाणीही नको.

पाण्याची ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसत्या तेला-मेणात जंतू आणि बुरशी वाढत नाहीत, कारण त्यांना लागणारं पाणी तिथे नसतं. आपण त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस घोटला की ते दिसायला सुंदर क्रीम होतं आणि जंतूंना आयतं घर मिळतं. कारखान्यातल्या क्रीममध्ये परिरक्षक घालतात ते यासाठी, आणि घरच्या वस्तूत ते नाहीत म्हणून ती अधिक शुद्ध, ही समजूत धोक्याची आहे. उललेल्या, चिरलेल्या कातडीवर बुरसटलेलं क्रीम लावणं म्हणजे संसर्गाला दार उघडणं. जुन्या वैद्यांना याची जाण होती. औषधी तेल सिद्ध झालं की नाही हे पाहताना त्यातला कल्क, म्हणजे वाटलेल्या औषधांचा लगदा, वातीसारखा वळून विस्तवावर धरत. तडतडला तर पाणी शिल्लक आहे, पाक अजून व्हायचाय. घरात कडुनिंबाचा पाला किंवा जास्वंद तेलात घालायची असेल तर आधी खडखडीत वाळवावी. शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा घोटून धुतलेलं तूप, हे मात्र पाणी धरून ठेवणारं, लोण्यासारखं पांढरं आणि अतिशय सुखद मलम आहे. ते थोडंच करावं आणि लवकर संपवावं. गुलाबपाणी-ग्लिसरिनचंही तसंच, आणि तिथे आणखी एक गोष्ट: ग्लिसरिन पाणी ओढून धरतं, पण अगदी कोरड्या हवेत निखळ ग्लिसरिन कातडीतलंच पाणी ओढू लागतं. ते पातळ करून, ओल्या अंगावर लावावं आणि वरून तेलाचा हात फिरवावा.

व्हॅसलीनचा विषय टाळून हा आढावा प्रामाणिक होणार नाही. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. घरगुती मलमं करणाऱ्यांच्या वर्तुळात आज त्याला खनिज तेलाचा गाळ म्हणून नाकं मुरडतात. पण त्वचेतून उडणारं पाणी ते ९८ टक्क्यांपर्यंत अडवतं असं मानलं जातं, बहुतेक वनस्पती तेलं २० ते ३० टक्के. ते स्वच्छ केलेलं असतं, त्यात पाणी नसल्याने बिघडत नाही, सुवासाशिवाय मिळतं आणि ॲलर्जी अगदी क्वचित करतं. परवडणाऱ्या किमतीत याहून भरवशाचं दुसरं काही नाही. कोकम-मेणाचं मलम मला अधिक आवडतं ते त्याच्या स्पर्शासाठी आणि ते आपल्या मातीतलं आहे म्हणून. ते जास्त शुद्ध आहे असा माझा दावा नाही. शिवाय २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ५५० इसबग्रस्त मुलांच्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम या चारही प्रकारांच्या परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही. ज्याला जे रोज लावावंसं वाटतं ते त्याने लावावं, एवढाच त्यातून निघणारा अर्थ.

काही गोष्टी लावूच नयेत. फुटलेल्या कातडीवर लिंबाचा रस, सोडा, कच्ची लसूण नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात. सुगंधी अर्क शंभर ग्रॅममागे एखाद्या ग्रॅमपेक्षा जास्त घालू नयेत आणि बाळांच्या मलमात मुळीच नकोत. कापूरही लहान मुलांपासून लांब ठेवावा. इसब असलेल्या मुलांच्या उघड्या कातडीवर खाण्याचे पदार्थ चोपडताना फार जपावं. ब्रिटनमधल्या २००३ सालच्या अभ्यासात शेंगदाण्याच्या तेलाची मलमं लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका जास्त आढळला. जपानमध्ये गव्हाची प्रथिनं घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गहू बाधू लागला. शाबूत कातडीला डाळीच्या पिठाचं उटणं चालतं, चिरलेल्या कातडीला ते नको.

दिसतं कोरडेपणासारखं आणि असतं वेगळंच, असंही थंडीत बऱ्याचदा होतं. डोक्यातला कोंडा हा कोरड्या टाळूचा नसतो. त्यामागे जी बुरशी असते ती तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते, म्हणून डोकं तेलाने थबथबवलं की कोंडा वाढतो. रात्री अंथरुणात खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती बारीक पुळ्या असतील आणि घरातले इतरही खाजवत असतील तर ती बहुधा खरूज असते. तिला घरचं मलम पुरत नाही, औषध लागतं, तेही एकाच वेळी सगळ्या घराला. गोल कडा असलेल्या नायट्यावरही तेल नको. मधुमेह्यांच्या पायांना घाम कमी येतो, टाचा जास्त फुटतात आणि बधिरपणामुळे भेग खोल गेलेली कळत नाही. त्यांनी घरचे प्रयोग न करता पाय रोज पाहावेत आणि भेग ओली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ज्यांची कातडी सगळ्यात जास्त फुटते त्यांच्यापर्यंत यातलं काहीच फारसं पोहोचत नाही. ऊसतोडीचा हंगाम नेमका थंडीतला. पहाटेच्या दवात पाचटाच्या धारदार पात्यांमध्ये हात-पाय आणि रात्री खोपीत शेकोटी. गव्हा-हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी, वीज रात्री मिळते म्हणून, अनवाणी चिखलात उभा असतो. ओलं होणं आणि वाळणं यांच्या फेऱ्यांत टाच उकलत जाते. हरभऱ्याच्या पानांवरची आंब तर फुटलेल्या बोटांना अशी झोंबते की भाजी खुडणाऱ्या बाया संध्याकाळी हात पाण्यात बुडवून बसतात. यांच्यासाठी आंघोळीनंतरचं तेल ही सोय नाही, कारण त्यांची आंघोळ कामाच्या आधी किंवा घाईत होते. त्यांनी शेतात जाण्याआधीच हातापायांना घट्ट मलमाचा थर द्यावा, म्हणजे आंब आणि चिखल थेट कातडीला भिडणार नाहीत. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून, टिपून, टाचांवर मुठेल किंवा व्हॅसलीन भरावं आणि जुन्या सुती धोतराची पट्टी किंवा मोजे घालून झोपावं. मलम मुरलेलं कापड पटकन पेटतं, म्हणून पट्टी बांधली की शेकोटीपासून पाय लांब ठेवावेत आणि सकाळी ती पट्टी गरम पाण्यात धुऊन वाळत घालावी.